जरा जास्तच पांढरा उजेड

श्रीलंकेतल्या रत्नपुराच्या खड्यांच्या बाजारात पियतिस्सचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो खडे घेत नसे, विकत नसे. लोक त्याच्या तळहातावर खडा ठेवायचे आणि तो सांगायचा: हा खरा, हा भट्टीत तापवलेला, ही सोड्याच्या बाटलीची काच. त्यातही दिवसा हिरवा आणि दिव्यापुढं लाल होणारा खडा ओळखावा तर त्यानंच. असा एक खडा घराचं नशीब पालटतो, म्हणून आमच्याकडं खाणीतला प्रत्येक दुसरा माणूस तो आपल्यालाच सापडलाय असं धरून चालतो. अशांना जमिनीवर आणायचं काम पियतिस्सचं.

त्याचं हत्यार एकच, तीन सेलची पत्र्याची जुनी बॅटरी, आत साधा बल्ब. एलईडीच्या थंड उजेडात तो खडा ढिम्म राहतो, त्याला बल्बचा पिवळा उजेडच लागतो. आणि तरीही शंका राहिली तर पियतिस्स म्हणायचा, "संध्याकाळी घरी या." घरी त्याची बायको पेमावती बुद्धासमोर खोबरेल तेलाचा दिवा लावायची. त्या दिव्यापुढं खडा धरला की निकाल लागायचा.

पेमावती गेली त्याच साली देशाचं दिवाळं निघालं आणि बाजारातून सगळंच गायब झालं, त्यात साधे सेलही. तेव्हा मोबाइलवाल्या जौफरनं एका मेलेल्या लॅपटॉपमधून लिथियमचे सेल काढून आणले. दोन घातले तर बल्ब फट्कन गेला.

"मामा, हे सेल म्हणजे दांडगे बैल," जौफर म्हणाला. "जोडी नको, एकच जुंपू."

मग एकच सेल पुठ्ठ्यात गुंडाळला, उरलेल्या जागेत अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा बसवला, झालं काम. रात्री सेल चार्जिंगला लावायचा, सकाळी भरलेला घालायचा. उजेड असा पडायचा की चहाच्या दुकानातले लोक म्हणायचे, "मामाच्या हातात सूर्य आलाय."

उजेड जरा जास्तच पांढरा आहे हे पियतिस्सला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बल्बला सोसवेल त्याहून जास्त जोर मिळत होता. पूर्वीचा पियतिस्स असता तर त्यानं जौफरचं डोकं खाल्लं असतं. पण बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. भात खाल्ला तर खाल्ला, नाही तर नाही. घरातला दिवा लावायला कोणी नव्हतं, तोही लावत नव्हता. उजेड पांढरा, तर पांढरा.

अशा दिवसांत एका सकाळी बाजारात त्याच्याकडं नंदावती आली, सुगतदासची बायको. सुगतदास खाणीत पाणी उपसायचा आणि दिवसभर थापा मारायचा, अशी त्याची ख्याती. दोन महिन्यांपूर्वी तो तापानं गेला. जाताना म्हणाला, चुलीमागच्या भिंतीत खडा आहे, दिव्यापुढं लाल होतो, दिनूशाच्या लग्नासाठी ठेवलाय. दिनूशा त्यांची एकुलती एक मुलगी.

"अय्या, बघा जरा," नंदावती म्हणाली. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला अय्याच म्हणायची. "पोरगी म्हणते, बाबांनी मरतानाही थापच मारली."

पियतिस्सनं खडा उन्हात धरला. हिरवा. दाराआड जाऊन बॅटरी लावली. खडा राखेसारखा मळकट झाला, लाल काही होईना. संध्याकाळी घरी ये, असं म्हणायची ही वेळ होती. घरी दिवा नव्हता. तो लावायचा म्हणजे तेल आणा, वात वळा, पेमावतीची पितळी समई घासा.

"साधाच आहे," तो म्हणाला.

नंदावतीनं खडा पदरात बांधला. "मेल्याची खोड शेवटपर्यंत गेली नाही," एवढंच बोलली. त्याच दुपारी तिनं तो खड्यांचा व्यापार करणाऱ्या मारिक्कार मुदलालीला साध्या खड्याच्या भावात देऊन टाकला. पियतिस्सनं साधा म्हटल्यावर घासाघीस कोण करणार?

नऊ दिवसांनी गावात दोन दिवस वीज नव्हती. सेल चार्ज झाला नाही, बॅटरीचा उजेड पिवळा पडला. तिसऱ्या सकाळी मारिक्कार चहाच्या दुकानात शेजारी येऊन बसला आणि नंदावतीचाच खडा पुढं केला.

"मामा, याला पैलू पाडायचेत. आत चीर आहे का बघ."

पियतिस्सनं तो आडोशाला नेला, त्या मरतुकड्या उजेडात धरला, आणि खडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला.  तो तसाच जौफरकडं गेला, त्याच्या जनरेटरवर भरलेला सेल मागून घातला. खडा पुन्हा मळकट. जुना घातला, पुन्हा लाल. मारिक्कार मागं उभा राहून सगळं बघत होता.

"सौदा झाला तो झाला, मामा," तो हळूच म्हणाला. "बाईनं स्वखुशीनं दिलाय."

"हो," पियतिस्स म्हणाला. आमच्या बाजारात दिलेला शब्द फिरत नाही, हे त्यानंच चाळीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. खडा त्यानं परत दिला. आत चीर नाही, हेही सांगितलं.

तिथून तो चालत नंदावतीच्या घरी गेला. वाटेत आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. नंदावती नारळ खवत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: सेलचं, उजेडाचं, न लावलेल्या दिव्याचं. खडा आता मिळणार नाही, हेही.

 किमतीचं तिनं विचारलंच नाही.

"म्हणजे लाल होत होता?"

"होत होता."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"आज सकाळी. दोनदा."

तिनं हात पुसले. "मला घर नको नि दार नको, अय्या. मी त्याच्या फोटोला शिव्या घातल्यात अकरा दिवस." मग आत हाक मारली, "दिनूशा, बाहेर ये. मामा काय म्हणतात ऐक."

दिनूशा दारात येऊन उभी राहिली. विशीची मुलगी, चेहरा थेट बापाचा.

पियतिस्सनं बॅटरी खाली ठेवली. आतापर्यंत सगळं उभ्यानंच सांगून झालं होतं, पण आता तो पायरीवर बसला. 

"पोरी," तो म्हणाला, "तुझा बाप खरं बोलत होता. खोटं मी बोललो."