सरांना यहूदा मिळेना

जुन्नर तालुक्यात येशू ख्रिस्ताला घरच्या माणसासारखं ओळखणारा एकच गृहस्थ होऊन गेला, तो म्हणजे आमचे ड्रॉइंगचे सर. सर ख्रिस्ती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली: येशू आजच्या काळात, आपल्याच मुलखात जन्मला तर? त्यांचा येशू सुताराचा मुलगा, मोटारसायकलवरून फिरणारा. ओझरच्या एका लग्नात मठ्ठा संपतो, तेव्हा हा पिंपातल्या पाण्याचा मठ्ठा करतो. हरवलेलं मेंढरू शोधायला बिबट्याची पर्वा न करता उसात शिरतो. लिहून झालेलं प्रकरण सर संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात वाचून दाखवत. ऐकणारे आम्ही सगळे हिंदू, पण गुंतायचो असे, की त्या मठ्ठ्यात कोथिंबीर होती का यावरही वाद रंगे.

सरांची खोड अशी, की पात्रं म्हणून ते ओळखीचीच माणसं घेत आणि तसं तोंडावर सांगत. येशूचा शिष्य पेत्र म्हणजे मढचा, धरणात जाळी टाकणारा आमचा एक मित्र. येशूला पोलीस नेतील तेव्हा आपण 'मी याला ओळखत नाही' म्हणणार, हे कळल्यावर तो तणतणत दुकानात आला. "सर, आमी काय असली मान्सं हाय व्हय? लई वंगाळ लिवलं तुमी!"

"अरे, पण नंतर रडतोस की तू," सर म्हणाले. तेव्हा कुठे तो खाली बसला.

गाडी अडली ती यहूदापाशी. येशूला धरून देणारा हा शिष्य कुणावर बेतावा ते सुचेना, आणि त्याच्याशिवाय कादंबरी पुरी होईना. सरांनी आधी समोरच्या चहावाल्याला नेमलं, कारण दोघांचं भांडण होतं. चहावाल्यानं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर आलं घातलेला चहा पाठवला. सरांनी त्याला वगळलं. मग शेताचा बांध कोरणारा शेजारी निवडला, तर तो नेमका नाताळला करंज्यांचा डबा घेऊन हजर! "लेकाचे कुणी धड वाईट वागत नाहीत," सर माझ्यावरच डाफरले.

पुढे सरांनी अंथरूण धरलं. त्यांचं एवढं मन जिच्यात गुंतलं ती कादंबरी अपुरी राहणार, या विचारानं मला भरून येई. एकदा न राहवून म्हटलं, "सर, मला करा यहूदा. पण पुरी करा."

सरांनी माझा हात धरला. "वेडा आहेस. अटकेआधीच्या शेवटच्या भोजनाला सगळे आहुप्याला एका घरी बसलेत. नाचणीची भाकरी आहे, येशू स्वतः वाढतोय. तिथं पोलीस कसे पाठवू रे?" मग डोळे मिटून म्हणाले, "जेवू दे त्यांना."

सर गेले. पुढे काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, मलाही आहे. पण त्यांची फार आठवण आली की वाटतं, आहुप्यातली ती पंगत अजून बसलेलीच आहे, आणि वाढणारा अजून कुणाला तरी आग्रह करतो आहे.