नकाशातून गाळलेली वस्ती

सुजाताताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सिंगापुरात तांजोंग पगारच्या ऑफिसातून तिच्याच पुस्तकातल्या नकाशाची सीडी छपाईला पाठवून नुकता मोकळा झालो होतो. मेंदूत रक्तस्राव. वय अवघं त्रेचाळीस. यिशुनच्या तिच्या फ्लॅटवर पुण्यानुमोदनाला तिच्या पुस्तकाचं संपादन करणारे तिचे प्राध्यापक आले, हात जोडून म्हणाले, ‘व्हेरी इमोशनल पर्सन, शी वॉज.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई आठ वर्षं वाळूच्या थरांपासून जहाजांच्या याद्यांपर्यंत सगळं उकरत बसली, आणि हे म्हणे इमोशनल!

ताई भूगोलाची, मूळची अकोल्याची. मी वाशिमचा, नकाशे काढणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. दर रविवारी कुणाच्या तरी घरी बुद्धवंदना व्हायची, तिथली आमची ओळख. तिचं पुस्तक ज्यावर, ते हिंदी महासागरातलं पुलाऊ लिंगकार हे कड्यासारखं बेट तिने मला समजावलं ते जेवणाच्या ताटात. भाताचं गोल कडं केलं, मध्ये वरण ओतलं. ‘हे कडं म्हणजे प्रवाळ, हे वरण म्हणजे उथळ समुद्र. कड्यावर वीसेक बेटं, माणसाच्या उंचीहून जेमतेम वर. पावसाचं गोडं पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं, तेवढ्यावर जगायचं.’

आणि माणसं? जुन्या पुस्तकांत एकच ठरलेलं वाक्य असे… निर्जन बेट अमुक घराण्याने वसवलं. ‘वसवलं म्हणजे काय रे? मालकाने एकट्याने नारळ लावले?’ ताई भडकायची. जावा-मलायातून जहाजाने मजूर आणले, नारळ त्यांनी लावले, विहिरी त्यांनी खोदल्या. मालकाचा बंगला एका बेटावर, मजुरांची वस्ती समोरच्या. मजुराने परवानगीशिवाय बंगल्याच्या बेटावर पाऊल टाकायचं नाही. आम्हा दोघांना यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं.

मजुरांनी आपल्या पाच पाड्यांना, त्यांच्या भाषेत काम्पुंगांना, नावं दिली होती. ती कुठल्याच नकाशात नव्हती. बुकित पंजांगला त्या बेटावरची एक म्हातारी राहते, सगळे तिला नेनेक म्हणजे आजी म्हणतात. तिच्याकडून ताईने ती नावं मिळवली आणि माझ्याकडे दिली.

मी ती गाळली. प्राध्यापकांचा ईमेल आला, नकाशात गर्दी होतेय, पाच नावांऐवजी ‘मजूर वस्ती’ एवढंच लिहा. मी लिहिलं. सुबक दिसत होतं. कच्ची प्रत बघून ताईचा फोन आला.

‘तुझ्या गावच्या जुन्या नकाशात आपल्या लोकांची वस्ती होती का रे?’

मी स्क्रीनवर ती कच्ची प्रत पुन्हा उघडली.

‘नव्हती ना? तिथेही कुणीतरी हेच म्हणालं असेल, जागा पुरत नाही.’

‘छपाईआधी घालतो, ताई,’ मी म्हणालो. आणि घातली नाहीत. त्या प्राध्यापकाशी वाद घालायला भ्यालो, दुसरं काही नाही. त्याचा राग येतोच. पण त्याला निदान त्या वस्तीचं सोयरसुतक नव्हतं. मला होतं, तरी मी हेच केलं, याचा संताप कुणावर काढू?

गेल्या शनिवारी छापील पुस्तक घेऊन नेनेककडे गेलो. शनिवार ताईचा. खुर्च्या असताना ती या स्वयंपाकघरात फरशीवर बसून आजीबरोबर नारळ खोवायची आणि बोलता बोलता टिपणं काढायची. ताई गेल्याचं आजीला ठाऊक आहे. तरी सवयीने तिने दोन खोवण्या काढून ठेवल्या होत्या. तिने पुस्तकावर हात फिरवला, नकाशावर बोट ठेवून मलायमध्ये काहीतरी विचारलं.

कॉलेजात जाणारी नात म्हणाली, ‘अंकल, नेनेक आस्किंग, हर काम्पुंग विच वन?’

‘इट्स नॉट देअर. आय टुक इट आउट,’ मी म्हणालो. ‘नॉट सुजाता. मी.’

 नातीने आजीला यातलं काहीच सांगितलं नाही. आजीने नकाशावरचं बोट उचललं आणि ताईची खोवणी माझ्यापुढे सरकवली.