वाढीव पट्टीचा कीबोर्ड

धनाजी पहिल्यांदा माझ्या क्लासला आला तेव्हा मला वाटलं, मुलीच्या प्रवेशासाठी आलाय. माधवनगरात मी पंचवीस वर्षं टायपिंग शिकवते. आधी मशीन होती, आता कॉम्प्युटर आहेत, पण शिकायला येतात ती अठरा-वीस वर्षांचीच पोरं. पन्नाशी ओलांडलेला, जाड बोटांचा, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस स्वतःसाठी येईल हे मनातही आलं नाही. मी फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "मुलीचं नाव?"

"समीक्षा," तो म्हणाला. "पण ती साताऱ्याला कामाला हाय. शिकायचं मला हाय, मॅडम."

बसा म्हटलं तर बसला नाही. बोलता बोलता खिडकीपाशी गेला, परत आला, टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, "रंधा नीट मारला न्हाई" असं पुटपुटला आणि पुन्हा खिडकीपाशी गेला. मला अशी माणसं बघूनच घाम फुटतो. मी म्हटलं, "अहो धनाजीराव, आधी एका जागी थांबा, मग काय ते सांगा."

कुपवाडच्या एका फाउंड्रीत तो अठ्ठावीस वर्षं पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तोच भाग लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून अलगद काढला की पोकळी उरते, तिच्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. आता हे काम कॉम्प्युटरवर आखून मशीन करतं. पॅटर्न शॉप बंद झालं. पाच कारागिरांपैकी चौघं हिशेब घेऊन घरी गेले. धनाजीने तपासणी खात्यात बदली मागितली. तयार भाग व्हर्निअरने, म्हणजे सरकत्या जबड्याच्या मापकाने, मोजायचे आणि मापं तिथल्या तिथे कॉम्प्युटरमध्ये भरायची. तीन महिन्यांची मुदत मिळाली. मुदतीअखेर इंजिनिअर इंद्रजित साहेब घड्याळ लावून बसणार होते. एका तासात वीस भाग मोजून भरले, तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं नोकरी पक्की. नाही भरले तर घर.

"घरी बसा की. मुलगी कमावती आहे," मी म्हटलं.

"घरी बसलो तर मरीन, मॅडम. आमी म्हसवडकडची मेंढरावाली माणसं. आमच्यात बसल्या जाग्याला माणूस दिसला की म्हणायचं, आजारी हाय."

हे तो हसत म्हणाला, पण त्याच्या डोळ्यात हसू नव्हतं. मी त्याला सकाळी सातची वेळ दिली.

पहिले पंधरा दिवस मी डोक्याला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. एका बोटाने बटण शोधायचा, सापडलं की असं दाबायचा की शेजारच्या पोरी दचकायच्या. दर पाच मिनिटांनी उठून पाणी प्यायचा. एका बैठकीला चार तांबे. शेवटी मी तांब्या लपवला. मग तो नळावर जाऊन पिऊ लागला.

एक दिवस म्हणाला, "मॅडम, कीबोर्डच बराबर न्हाई."

नाचता येईना अंगण वाकडे, असं मी तोंडावर म्हटलं त्याला. पण तो रागावला नाही. खिशातून व्हर्निअर काढून दाखवलं. माप घेताना ते उजव्या हातात असतं. आकड्यांची बटणंही कीबोर्डच्या उजव्या टोकाला. म्हणजे प्रत्येक मापाला हत्यार खाली ठेवा, चष्मा सारखा करा, आकडा मारा, पुन्हा हत्यार उचला. एका भागाला अकरा मापं. वीस भागांना किती वेळा उचल-ठेव, ते त्याने मला तोंडी सांगितलं.

"आकड्यांचा तुकडा तोडून डाव्या हाताला आणला तर?" तो म्हणाला.

पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जरा लाजच वाटली.

समीक्षा साताऱ्यात कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सर्किट आखायचं काम करते. तिने फोनवर सांगितलं, असा सुटा नंबर पॅड बाजारात तयार मिळतो. धनाजीने एक मागवलाही. दोन दिवस वापरला आणि परत केला. एंटरचं बटण त्याच्या अंगठ्याखाली येत नव्हतं, आणि बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नव्हतं. मग बापलेकीने ठरवलं, आपणच करायचा. आणि करायचाच तर नुसता पॅड नाही, सोबत त्याच्याच जोडीचा कीबोर्डही, कारण भागात खोट सापडली तर ती शब्दांत लिहावी लागते. सर्किट समीक्षाने आखायचं. बटणं बसतात ती अॅल्युमिनियमची पट्टी आणि खालचं लाकडी घर धनाजीने करायचं.

त्या दिवसापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. दर रविवारी पहाटेची एसटी धरून साताऱ्याला. तीन तास जायला, तीन तास यायला, तिथे मुक्काम अर्धा तास. फोनवर होण्यासारखं बोलणं असायचं, पण फोनवर त्याचं भागायचं नाही. समीक्षाने एकदा मला फोन करून विनवलं, "मॅडम, तुमी तरी सांगा आप्पांना. मी जेवायला वाढते तर ताट घेऊन उभ्यानं जेवत्यात."

मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेला.

त्याचं आखणं मात्र बघण्यासारखं होतं. फाउंड्रीतली ओलसर वाळू घमेल्यात भरून आणली, तिच्यावर डावा हात सैल ठेवला आणि दाबला. उठलेल्या ठशावरून अंगठा कुठे पडतो, मनगट किती उंच राहतं, करंगळी किती मागे राहते, सगळं कागदावर उतरवलं. मोठं एंटर आणि दशांश चिन्ह अंगठ्याखाली घेतलं, कारण मापात पॉइंट आल्याशिवाय राहत नाही. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत एकोणीस पूर्णांक शून्य पाच मिलिमीटर. हा आकडा समीक्षाने दिला होता आणि दोघांच्या कागदावर तोच होता.

त्याने सागवानाचं घर करून आणलं तेव्हा पोरी टायपिंग सोडून भोवती जमल्या. कडा इतक्या गुळगुळीत की हात फिरवतच राहावा. फक्त चारी बाजूंना वरून खाली बारीकसा उतार होता. मी विचारलं, हा कशाला?

"वाळूतनं सुटाय नको व्हय?" तो पटकन म्हणाला. मग स्वतःच थांबला. "ऱ्हाऊ द्या. दिसतंय बरं."

आम्ही सगळे हसलो. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी दुपारी समीक्षा सर्किट आणि बटणं घेऊन आली. माझ्याकडे मोठं टेबल आणि कॉम्प्युटर होते, म्हणून जोडणी क्लासमध्येच करायची ठरली. पोर बारीक, बापासारखीच चुळबुळी, पण हात शांत. धनाजी तिच्यामागे येरझाऱ्या घालत होता. पट्टीला कितीतरी चौकोनी भोकं, प्रत्येक कानशीने घासून काढलेलं. पट्टी सर्किटवर ठेवून तिने डावीकडून बटणं बसवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन बसली. चौथं जरा दाबून. सहाव्याच्या पिना सर्किटमधल्या भोकाच्या कडेला टेकल्या. सातवं बसेना.

"आप्पा, सरकतंय हे."

"दाब की."

"दाबून न्हाई हुणार. म्होरं म्होरं जास्त सरकलंय." तिने शेवटच्या बटणाची जागा ताडून पाहिली. जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक होता. तिने आपला कागद तपासला, मग त्याचा. आकडे तेच. मग तिने एका मुलीच्या दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी घेतली आणि बापाच्या स्टीलच्या पट्टीला लावली. शून्याला शून्य जुळवलं. तिसाच्या टोकाला बापाची पट्टी तीन मिलिमीटर लांब होती.

मी म्हटलं, "धनाजीराव, तुमची पट्टीच खोटी आहे."

"खोटी न्हाई," तो हळू म्हणाला. "वाढीव हाय."

लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी ताणलेली असते. साधी पट्टी कंपनीची होती, ती शॉपमध्येच राहिली. त्याच्या पेटीत होती ती ही, अठ्ठावीस वर्षं हातात असलेली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

तो बाकावर बसला. तीन महिन्यांत त्याला आपणहून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"हे वतायचं न्हवतंच की गं," तो समीक्षाला म्हणाला. "आजवर मी केलेलं कायबी तसंच कुणाच्या हातात गेलं न्हाई. वाळूत जायचं, परत रॅकवर. हे पयलंच जाणार हुतं, आन् तेबी मी वतायचं धरूनच केलं."

मला राग आला होता, खरं सांगते, आणि रागाखाली भीती होती. चार वर्षांची नोकरी आणि हा माणूस, दोन्ही त्या तीन मिलिमीटरमध्ये अडकले होते. मी ओरडले, "रडगाणं नंतर. पॅड लावून बघा आधी."

पॅडला आडवी चारच बटणं. तिथे फरक साठायला जागाच नव्हती. अर्ध्या मिलिमीटरची अडचण होती. धनाजी उठला, क्लासच्या पायरीवर गेला आणि कानस चालवू लागला. दिवे लागायच्या सुमाराला वीसही बटणं बसली. समीक्षाने वायर जोडली. त्याने डावा हात ठेवला, न बघता सत्तेचाळीस पॉइंट तीन मारलं आणि पडद्यावर तेच उमटलं. कीबोर्ड कंपनीचाच वापरायचं ठरलं. रविवारी त्याने माझ्यासमोर दहा तास सराव केला. डाव्या हाताचा पॅड मी कधी शिकवला नव्हता. आधी मीच डाव्या हाताने शिकले, मग त्याला शिकवलं.

सोमवारी माझं लक्ष लागेना. एका मुलीला उगाच बोलले, तिने काही केलं नव्हतं. दुपारी एकला फोन आला.

"झालं, मॅडम."

"किती?"

"वीस. अट्ठेचाळीस मिंटात."

मी खुर्चीत बसले आणि डोळे पुसले. पोरींनी विचारलं तर म्हटलं, धूळ गेली.

मग त्याने बाजारातून मापाची साधी पट्टी आणली आणि कीबोर्डची पट्टी नव्याने केली. त्याला नऊ दिवस लागले. जोडी पुरी झाल्यावर मला दाखवायला घेऊन आला. दोन्ही सागवानी, दोन्हीला तोच उतार, काळी बटणं आणि एंटर तेवढं लाल. इंद्रजित साहेबांनीही कौतुक केलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आता एवढा हात बसलाय तर एक मोठं काम तुम्हीच करा.

काम असं होतं. जुन्या रॅकवर पाचशेच्या आसपास लाकडी पॅटर्न होते. निम्म्याहून जास्त धनाजीचे. सगळे मोजून मापं कॉम्प्युटरमध्ये भरायची, म्हणजे पुढे कधी लागला तर मशीन हवा तो पॅटर्न करून देईल. मापं भरून झालेलं लाकूड भट्टीकडे जाळायला द्यायचं. जागा मोकळी हवी होती.

हे सगळं त्याने मला आठवड्याने सांगितलं, संध्याकाळी, क्लास सुटल्यावर. पहिल्या दिवशी त्याने साठ भरले होते. उजव्या हातात व्हर्निअर, डावा पॅडवर, न थांबता. साहेब म्हणाले, वा. सुट्टी झाल्यावर गेटकडे निघाला तर समोरून ट्रॉली जात होती. साठही तिच्यात होते. एकाच्या पोटाशी त्याच्याच हातची पेन्सिलची खूण अजून दिसत होती, समीक्षाच्या जन्माच्या वर्षाची.

"दुसऱ्या दिशी किती भरले?" मी विचारलं.

"नऊ."

"हात दुखतोय?"

"न्हाई."

"मग?"

"मापं दोनदा घेतोय."

स्वतःच्या पॅटर्नचं माप दोनदा घ्यायची वेळ त्याच्यावर आयुष्यात आली नव्हती, हे मला एव्हाना ठाऊक होतं. तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर. त्याने पाणीही मागितलं नव्हतं.

"साहेब ओरडतील की."

"वरडू द्या. रोज नऊ धरलं तर खंडेनवमीला तीस-चाळीस शिल्लक राहत्यात," तो म्हणाला. "हत्यारांच्या पूजेला रॅकवर काय तरी पायजे का न्हाई."