माझ्यापेक्षा एक वर्ष मागे

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात गेले आणि त्याच महिन्यात बाबांनी पहिल्या वर्षात नाव घातलं. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. वीज कंपनीत मीटर रीडर. खांद्याला कळकट पिशवी, खिशात टॉर्च, आणि लोकांच्या जिन्याखाली, कपाटामागे वाकून वाकून कायमची धरलेली कंबर. बारावीनंतर आजोबा गेले आणि बाबांचं शिक्षण तिथेच थांबलं, एवढंच मला माहीत होतं. माझ्या समाजशास्त्राच्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसले की ते पुस्तकच वाचत राहायचे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं. फॉर्म तिनेच आणला.

“अहो, वर्ग सकाळी अकराला सुटतात. तुमची ड्यूटी बाराची. मग अडतंय कुठे?” ती म्हणाली.

अडत माझं होतं. कॉलेज एवढंसं. दोन मजले, एक जिना, एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस वळून बघेल. वर्गात बाकं नव्हतीच. एका लांब टेबलाभोवती बारा-तेरा जण आणि मॅडम. तोंड लपवायला जागा कुठे असणार? मी बाबांना अट घातली.

“कॉलेजात मला हाक मारायची नाही.”

“आणि समोर आलीस तर?”

“तर पुढे निघून जायचं.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी अट इतकी काटेकोर पाळली की मीच कानकोंडी व्हायचे. जिन्यावर गाठ पडली की ते कठड्याला चिकटून उभे राहत आणि परक्या बाईला म्हणावं तसं “या” म्हणत. माझ्या मैत्रिणींनी त्यांचं नाव मीटरकाका ठेवलं होतं. “किती सभ्य आहेत ना मीटरकाका,” त्या म्हणायच्या, आणि मी मुकाट मान डोलवायचे.

घरी मात्र आमचा अभ्यास स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर चालायचा. आई शेजारी भाजी निवडत असायची. बाबांचे प्रश्न भलतेच असत. “तुझ्या पुस्तकात म्हटलंय, एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. माझ्या भागात दोन भाऊ राहतात, चुली दोन आणि मीटर एक. बिलावरून भांडतात, पण वेगळं मीटर घेत नाहीत. त्यांना कशात बसवायचं?” मी चिडून पुढचं पान उलटायचे. दिवसभर आकडे टिपणारा हा माणूस पहिल्याच सहामाहीत संख्याशास्त्रात नापास झाला. मीटरवरचा आकडा निदान एका जागी उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी मॅडमनी दोन्ही वर्षांना मिळून एक पाहणी दिली. कॉलेजमागच्या गल्लीत घरोघरी जाऊन विचारायचं, की घरातलं कुठलं काम कोण करतं आणि त्यात किती वेळ जातो. आडनाव सारखं आहे हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नाही. चिठ्ठ्यांमध्ये मी आणि बाबा एकाच गटात आलो. वाट्याला चौदा घरं.

तीन दिवसांत मला दोन घरांनी उत्तरं दिली. बाकीच्यांनी दार किलकिलं करून “आत्ता वेळ नाही” म्हटलं. पण ती गल्ली बाबांच्याच भागातली होती. सोळा वर्षं ते दर महिन्याला त्या घरांत जात होते.

“बाबा, तुम्ही इथे बसूनच सांगा, मी लिहिते,” मी म्हणाले. “कोपऱ्यावरचा शिंपी. त्याच्या घरात कोण काय करतं?”

“माहीत आहे.”

“मग सांगा की.”

“त्याचं मीटर आतल्या खोलीत आहे. म्हणून मला आत घेतात. लिहून न्यायला घेत नाहीत.”

“तुमच्या या असल्या वागण्यापायी मी नापास होईन.”

“दोघंही होऊ. मला सवय आहे.”

रविवारी त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला, पिशवी आणि टॉर्च घरी ठेवली आणि मला घेऊन निघाले. शिंप्याने दार उघडलं.

“आज कसे? रीडिंग तर परवाच झालं.”

“मीटरसाठी नाही आलो. मी कॉलेजात शिकतोय, थोडं विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात मी नेहमीसारखाच येईन.”

शिंप्याने माझ्याकडे बोट केलं. “ही कोण?”

अट कॉलेजपुरती होती, पण बाबांनी ती त्या उंबऱ्यावरही पाळली. “माझ्या कॉलेजातली,” ते म्हणाले.



“मुलगी आहे मी त्यांची,” मी म्हणाले.

शिंपी हसला. मग डोळे खाली करून म्हणाला, “राग मानू नका. आमच्या घरचं नको लिहायला.” त्याने दार हळूच लावून घेतलं. त्या खोलीत काय होतं ते बाबांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. पण बाकीच्यांपैकी सहा घरं त्या दिवशी बोलली.

वर्गात आमचा तक्ता बघून मॅडमनी विचारलं, “सहा रकाने रिकामे?”

“त्यातलं बरंचसं माहीत आहे, मॅडम,” बाबा म्हणाले. “पण त्यांनी ते मीटरवाल्याला दिसू दिलं. विद्यार्थ्याला नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तो सगळा तास त्याच एका गोष्टीवर गेला. एकीने तर कबूल केलं, की तिने चार घरं कँटीनमध्ये बसूनच भरली होती. आमचे मार्क मात्र कापले गेलेच. बाबांना ते रास्त वाटलं. मला अजून वाटत नाही. त्या दिवशी घरी जाताना मी सगळ्यांसमोर फाटकात उभी राहून “बाबा, चला” म्हटलं. मैत्रिणींची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

तीन वर्षांची पदवी त्यांनी पाच वर्षांत घेतली. बढती मिळाली नाही. पुढे मीटर आपोआप आकडे पाठवू लागले आणि त्यांना तक्रारींच्या खिडकीत बसवलं. समोर माणसं तासतास उभी. त्यांनी खुर्च्या मागितल्या, तर साहेब म्हणाले, “इथे काय पाहुण्यांची बैठक आहे?” बाबांनी दोन आठवडे रांगेतल्या प्रत्येकाचं वय आणि उभं राहण्याचा वेळ लिहून ठेवला आणि एका कागदावर मांडून दिला. महिन्याभरात चार खुर्च्या आल्या. त्याबद्दल ते घरी फार बोलले नाहीत. आईला ते शेजारणीकडून कळलं.

मुलं येईनाशी झाली तसं कॉलेज बंद पडलं. शेवटच्या आठवड्यात ग्रंथालयातली पुस्तकं कुणालाही घेऊन जायला ठेवली होती. मी आणि बाबा गेलो. मॅडमही आल्या होत्या, केस पिकलेले, हातात काठी.

“सध्या काय वाचताय?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा सांगू लागले. मॅडमनी मध्येच अडवून काहीतरी खोडून काढलं, बाबांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं लवकर आटपत नाही हे दिसल्यावर मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन खाली आले आणि पायरीवर बसले. वरून दोघांचे आवाज येत होते. घरी जायची मला काहीच घाई नव्हती.