राखेच्या कड्यातले भुंगेरे

जयपाल मगदूम सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि मुलं त्याला पाठीमागे 'मयतीचे सर' म्हणायची. नाव वाईट होतं, पण खोटं नव्हतं. किडे गोळा करायचा त्याला भारी नाद, आणि गोळा करायचा ते फक्त आपल्या मरणानं मेलेले. सकाळी सकाळी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांखाली, खिडकीच्या खाचेत, कोळिष्टकात जे सापडेल ते हा उचलणार. त्यामुळे त्याच्या पेटीत एक किडा धड नसे. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा पंख मुंग्यांनी नेलेला. सहकारी विचारायचे, "मगदूम, हा संग्रह आहे की लढाईवरचा दवाखाना?" जयपाल हसायचा आणि पेटी मिटायचा.

याला कारण होता त्याचा नेम. कोल्हापूरला शिकायला निघाला तेव्हा आईनं त्याला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांपुढे उभं केलं होतं आणि वदवून घेतलं होतं की, हालत्याचालत्या जिवाची हत्या माझ्या हातून होणार नाही. आता प्राणिशास्त्र शिकायचं आणि बेडूक कापायचा नाही, हे जमायचं कसं? पण पठ्ठ्यानं जमवलं. जोडीदार कापायचा, हा चित्र काढायचा. चित्रं अशी देखणी की परीक्षकांनी बाकीच्याकडे काणाडोळा केला.

आईचं नाव चंदनबाला, पण घरात सगळे तिला अव्वा म्हणत. जयपालनं नेम पाळला, पेटी मात्र अव्वाला कधी दाखवली नाही. मेलेला का असेना, पण लेक जिवाला टाचणी टोचतो हे बघून तिला यातना होतील, अशी त्याची समजूत. पेटी माळ्यावर होती आणि तो विषय घरात निघत नव्हता. बायकोला, त्रिशलाला, तेवढं ठाऊक होतं, आणि तिलाही त्यानं गप्प बसवलं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कडेगावकडून बाभळीचं जळण आलं. त्यात जयपालला एक भुंगेरा मेलेला सापडला. बोटाच्या पेराएवढा, रंगानं राखी, पाठीवर हळदीची बोटं टेकवावीत तसे दोन ठिपके आणि मिशा अंगाहून लांब. असले भुंगेरे लाकडात वाढतात. अळी आतून खोड पोखरत राहते आणि तिचा भुंगेरा झाला की तो भोक पाडून बाहेर येतो. जयपालनं होती नव्हती ती पुस्तकं पालथी घातली. घराणं लागलं, त्यातली पोटशाखाही लागली, पण या गड्याचं नाव काही कुठे मिळेना. शेवटी त्यानं चित्र काढलं, भुंगेरा कापसात गुंडाळला आणि डेहराडूनच्या एका तज्ज्ञाकडे पाठवून दिला.

त्यांचं उत्तर आलं. जात नवी दिसते, पण ही एकटी मादी, तीही दोन पायांनी अधू. नराची शरीररचना तपासल्याशिवाय काही ठरवता येत नाही. धडधाकट नर पाठवा. मी दिवाळीला निवृत्त होतोय, त्याआधी मिळाले तर नाव देऊ.

जयपालचा जीव टांगणीला लागला. इतकी वर्षं दिव्यांचे खांब धुंडाळल्यावर एकदा काहीतरी हाती लागलं होतं, आणि तेही निसटायला आलेलं. तो कडेगावच्या रानात हिंडला. कऱ्हाडजवळ मलकापूरला लाकडाच्या वखारीत जाऊन साली उचकटून आला. मेलेला नर कुठेच मिळाला नाही. घरच्या जळणावर मात्र जिवंत भुंगेरे बाहेर पडून खुशाल मिरवत होते. मग एक दिवस त्यानं प्रयोगशाळेतून क्लोरोफॉर्मचा बोळा घातलेली बाटली पिशवीत टाकून घरी आणली. एकच तर मारायचाय, असं त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

अव्वा बस्तीत गेलेली बघून तो घरामागच्या परड्यात आला. जळणाच्या एका ढलपीवर एक नर बसला होता. मिशा अंगाच्या दुप्पट, सहा पाय शाबूत. जयपालनं त्याला चिमटीत धरला आणि तो ओरडला. हे भुंगेरे धरले की मानेचा सांधा घासून चुईं चुईं करतात, हे जयपाल वर्गात दरवर्षी शिकवायचा. पण हातात धरून ऐकलं नव्हतं कधी. त्यानं भुंगेरा बाटलीत टाकला. बूच हातात होतं. ते काही त्याच्यानं लावलं गेलं नाही. त्यानं बाटली आडवी केली, तसा भुंगेरा झोकांड्या खात बाहेर आला, जरा थांबला आणि उडून गेला. आता नाव गेलं, म्हणून जयपालला रडू येत होतं, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं.

"कसली बाटली रं ती?"

अव्वा दारात उभी होती. जयपालनं सगळं सांगून टाकलं. माळ्यावरची पेटी, दिव्यांचे खांब, डेहराडून, बोळा, काही ठेवलं नाही. अव्वानं बाटलीकडे बघून तोंड वाकडं केलं आणि एवढंच विचारलं, "मेल्यालं चालत्यात व्हय तुला?"

"मेलेलेच पायजेत अव्वा. पर धड पायजेत."

"आन् मग आदी बोलला का न्हाईस, मुडद्या? चल हिकडं."

अव्वाची रीत अशी होती की, ढलपी आधी दगडावर ठोकायची, निरखायची आणि मगच चुलीत सारायची. ठोकताना जो जीव बाहेर पडेल तो सुपलीत घ्यायचा आणि परड्याच्या कोपऱ्यातल्या बाभळीच्या जुन्या बुंध्यावर नेऊन सोडायचा. कावळ्यानं, पालीनं खाऊ नये म्हणून त्यावर बांबूचं फुटकं डालगं, टोपलीसारखं, पालथं घातलेलं, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याभोवती चुलीतल्या राखेचं कडं. ते डालगं जयपाल लहानपणापासून बघत होता. कोपऱ्यात पडलेली अडगळ, यापलीकडे त्यानं कधी विचारच केला नव्हता. कितीदा तरी त्याला ठेचकाळून तो खांबांखाली किडे हुडकायला गेला होता.

अव्वानं डालगं उचललं. बुंध्याच्या पायथ्याशी, राखेच्या आत, भुंगेरे पडले होते. आपलं आयुष्य जगून मेलेले, वाळून कडक झालेले, हळदीच्या ठिपक्यांचे. मिशा टोकापर्यंत शाबूत. नर होते, माद्या होत्या. जयपाल बुंध्यापाशी खाली बसला. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. त्यानं हात पुढे केला, तशी अव्वानं त्यावर चापट मारली.

"थांब. फुंकर घाल आदी. हालला तर माजा, न्हाई हालला तर तुजा."

मग दोघं मायलेकरं उन्हात बसून भुंगेऱ्यांवर फुंकरा घालत राहिली. त्रिशला दारातून बघत होती. एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एकदाची बाहेर पडली, म्हणून तिलाही हायसं वाटलं असावं, कारण तिनं न सांगता सगळ्यांना चहा ठेवला.

जयपालनं वाळलेले भुंगेरे गरम पाण्याच्या वाफेवर मऊ केले, सूक्ष्मदर्शकाखाली नराचा एकेक अवयव बघून चित्रं काढली आणि सगळं डेहराडूनला धाडलं. दिवाळीच्या आधी कळलं की, जात खरंच नवी आहे, आणि इतके धड नमुने कुठे मिळाले म्हणून त्या तज्ज्ञांनी कौतुकही केलं होतं. कोरडी बाटली प्रयोगशाळेत परत गेली. पेटी माळ्यावरून खाली आली आणि अव्वा एकेका लंगड्या किड्यापाशी थांबून चुकचुकली.

घरी ठेवलेल्या भुंगेऱ्यांना जयपाल चिठ्ठ्या लावत होता. गाव, झाड, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. एक चिठ्ठी घेऊन तो मोठ्या ऐटीत चुलीपाशी गेला. अव्वा ढलपी ठोकत होती.

"अव्वा, हितं तुजं नाव घातलंय बघ. गोळा करणार, चंदनबाला मगदूम."

ढलपीतून कसलासा किडा पडला. अव्वानं तो हलकेच सुपलीत घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी कुटं गोळा केलं? मी तर सोडलं हुतं," ती म्हणाली आणि परड्याकडे निघाली.

जयपालनं चिठ्ठी तिथंच ठेवली आणि पुढे धावत जाऊन डालगं उचलून धरलं.