उरलेला अर्धा श्रावण

त्या वर्षी मला नेमकं काय झालं होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. आम्ही पुण्याहून दिल्लीला आलो त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून नोएडातली एक नवी कंपनी धरली होती, तीही परदेशी भागीदारीतली. मयूर विहारला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता. टीव्हीवर मोजता येणार नाहीत इतकी चॅनेल्स दिसायला लागली होती. फोनवर वहिनी म्हणायची, "मजा आहे बाई तुमची!" आणि मजा होतीच. मग भर दुपारी भेंडी चिरता चिरता माझे हात गार का पडायचे? छाती धडधडायची, तोंडाला कोरड पडायची, आणि वाटायचं, संपलं आता. काय संपलं, ते काही कळायचं नाही.

डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, त्याची पट्टी लांबवर धरून पाहिली आणि म्हणाले, "बहनजी, मशीन तो कह रही है आप एकदम फिट हैं." मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, म्हणजे आता हे मशीनलाही कळत नाही!

मग एकदा बसमधून येताना यमुनेच्या पुलावर गर्दीत जीव इतका घाबरा झाला, की मी ओरडून बस थांबवली आणि मधेच उतरले. पुढे जाववेना, मागेही जाववेना. कठडा धरून उभी राहिले. एका भल्या माणसाने कुठूनतरी नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला आणि तो टाय लावलेला तसाच स्कूटरवरून मला न्यायला आला. त्यानंतर मी एकटीने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. भाजी तो आणायचा, दूधही तोच आणायचा.

आषाढ लागला तेव्हा एका संध्याकाळी तो म्हणाला, "गणपतीला पुण्याला जायची तिकिटं आलीत हातात. यायचं अजून काढलेलं नाही."

"मग काढा की," मी म्हटलं.

"मी काय म्हणतो, तू तिकडेच राहा काही दिवस. माणसांत राहशील. इथे मी सकाळी आठला जातो यार, मला ऑफिसात चैन पडत नाही."

"काही दिवस म्हणजे किती, अहो?"

तो बूट काढत बसला. मग म्हणाला, "श्रावण संपेपर्यंत बघू. बरं वाटलं तर परतीची दोन काढतो, नाहीतर माझं एकट्याचं."

मी खूप चिडले. लग्न करून आणलेल्या बायकोला बिघडलेल्या मिक्सरसारखं परत कंपनीत पाठवायचं म्हणजे काय? पण चिडून तरी काय करणार, दाराबाहेर तर मला एकटीला जाता येत नव्हतं.

तळमजल्यावर एक भाभीजी राहायच्या, मूळच्या पूर्व उत्तर प्रदेशातल्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, आवाज असा की त्या खाली बोलल्या तर मला वर स्वयंपाकघरात ऐकू यायचं. माझं हे प्रकरण त्यांना कामवालीकडून कळलं होतं. गुरुपौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या दारात उभ्या. "सावन में मैं रोज़ पुश्ते वाले मंदिर जाती हूँ. तुम भी चलो बहन. पूरा सावन चलो, फिर देखना."

मी मनात म्हटलं, हिचा श्रावण आत्तापासून? आमचा लागायला तर अजून पंधरवडा होता. पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरवर ठळक आषाढ लिहिलेला होता. पण दिल्लीत लोक सगळंच जोरात आणि आधीपासून करतात, कांवडवालेही भगवे कपडे घालून गंगाजल आणायला निघालेच होते, तेव्हा भक्तिभावाने करत असेल, असं समजून मी चपला घातल्या. मला फक्त 'पूरा सावन' एवढंच हवं होतं. ती श्रावणभर सोबत आणि नवऱ्याची मुदतही श्रावणभर, हिशेब जमला होता.

पुश्ता म्हणजे यमुनेचा पूर अडवायला घातलेला मातीचा लांबच लांब बांध. त्याच्या अलीकडे आमच्या सोसायट्या, विटांचे ढीग, वर डोकावणाऱ्या सळया आणि रोज एकेक मजला चढणाऱ्या इमारती. पलीकडे उतरलं की एकदम गाळाची जमीन, बाजरी, दुधीचे वेल, माणसाहून उंच सरकंड्याचं गवत. इतकं जवळ हे सगळं होतं आणि मला खिडकीतून कधी दिसलं नव्हतं! भाभीजी देवळाजवळच्या बेलाची पानं तोडायच्या, पिंडीवर पाणी घालायच्या आणि उरलेला सगळा वेळ बोलायच्या. सुनेचं बोलायच्या, वजनाचं बोलायच्या, तळमजल्यावर तुंबणाऱ्या पाण्याचंही बोलायच्या. मी त्यांच्या पदराला जवळजवळ धरूनच चालायची.

तिथे एका मातीच्या ढिगाऱ्यावर टिटवीने अंडी घातली होती. आम्ही जवळ गेलो की ती डोक्यावरून किंचाळत घिरट्या घालायची. मला धडकीच भरायची. आमच्याकडे टिटवी ओरडली की घरात कुणीतरी जाणार असं म्हणतात. भाभीजी मात्र खूश. "ऊँचे पे अंडे दिए हैं, देखना इस बार पानी अच्छा पड़ेगा!" एकच पक्षी, एकच आवाज. मी मरणाच्या भीतीने अर्धमेली, आणि ही बाई पावसाच्या आनंदात. कुणाचं खरं मानायचं? मी घरी येऊन त्याचाच विचार करत राहायची, आणि कधीकधी त्या नादात दुपार निघून जायची.

दिव्यांची अवस झाली, आमचा श्रावण लागला. मला बरं वाटत होतं का? सांगता येईना. एक दिवस वाटायचं, चार दिवस नाही. नवरा संध्याकाळी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघून हसायची, आणि दोघांनाही ते हसू पटायचं नाही.

राखी पौर्णिमा आली. मी नारळीभात करून खाली पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी खाली उतरले, तर भाभीजींच्या दाराला कुलूप. फाटकावर चौकीदार म्हणाला, "वो तो कल गाज़ियाबाद गईं, भाई के यहाँ." कधी येणार, ते त्याला माहीत नव्हतं.

मी तिथेच उभी राहिले. पूरा सावन म्हणाली होती ना? अजून पंधरा दिवस होते! बोलायला एवढा वेळ मिळतो बाईला, मग "उद्या येत नाही" एवढं सांगायला काय झालं होतं? मला असा काही संताप आला, की मी तरातरा चालायला लागले. मनातल्या मनात त्यांच्याशी हिंदीतून भांडत होते, आणि माझी हिंदी भांडणापुरती कधीच नीट नव्हती, म्हणून मधेच थांबून शब्द शोधत होते. देऊळ मागे पडलं. मी बांध उतरले. आणि टिटवी किंचाळली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी एकटी आहे.

मग ते आलंच. हात गार, छातीत धडधड. मागे फिरायचं तर बांध चढवेना. पाणी वाढून बाजरीत शिरलं होतं आणि टिटवी एकसारखी डोक्यावर किंचाळत होती. मला रडू आलं, आणि रडता रडताच मी वर बघून तिच्यावर ओरडले, "गप्प बस! मी काही करत नाहीये तुला!" ती कसली गप्प बसते! ती ओरडत राहिली, मी ओरडत राहिले. बाजूला एक म्हैस होती, तिच्या पाठीवर बगळा होता. दोघांनीही आमची दखल घेतली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ढिगाऱ्यावर बघितलं तर अंडी नव्हती. पिल्लं निघून गवतात गेली होती की कुत्र्याने खाल्ली होती? मी वाकून शोधायला लागले. सापडलं काहीच नाही. पण तेवढ्या वेळात मी घाबरायचं विसरले होते. धडधड होती, नाही असं नाही, फक्त माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. यालाच शांती म्हणतात का? मला तर ती काहीतरी मोठी, स्वच्छ गोष्ट वाटत होती. ही चिखलात उभं राहून मिळणारी कसली शांती?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. का गेले, विचारू नका. पिल्लांचं काय झालं ते बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग रोजच गेले. कधी अर्ध्यातून परत आले, एकदा फाटकापासूनच परत आले.

भाभीजी आठवड्याने आल्या. मी तोंड फुगवून म्हटलं, "आप तो पूरा सावन बोली थीं!"

"अरे, तो पूरा किया ना! सावन तो पूनम को खतम हो गया."

"हमारा तो आधा बाकी है. अमावस्या तक."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग दोघींनी बोटांवर मोजून पाहिलं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपत होता, आमचा अमावस्येला. इतके दिवस आम्ही एकाच बांधावर दोन वेगवेगळ्या श्रावणांतून चालत होतो. त्या पोट धरून हसल्या आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "तो इतने दिन से किसके साथ जा रही हो?"

"अकेली," मी म्हटलं, आणि ते ऐकून मलाच कसंतरी झालं.

अमावस्येला नवरा ऑफिसातून आला तो परतीच्या रिझर्वेशनचा कोरा फॉर्म घेऊनच. खुर्चीवर बसून पेन काढलं, पण माझ्याकडे बघेना.

"किती लिहू?" त्याने विचारलं.

"दोन."

"बरं वाटतंय का तुला?"

"माहीत नाही."

"मग तिकडे राहा ना. घरात कायम चार माणसं असतील, तुला एक मिनिट कुणी एकटं सोडणार नाही."

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "तिकडे मला एकटीला कोण सोडणार?"

त्याला काही कळलं नाही. मलाही पुरतं कळलं नव्हतं. पण त्याने दोन लिहिलं.