साडूचे उंदीर

सख्खा भाऊ पुढे गेला तर माणूस निदान चारचौघांत तरी आनंदतो. साडू पुढे गेला की तेवढंही जमत नाही. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर उंदरांची देखभाल करणाऱ्या आपल्या या गृहस्थाचं तर दुखणं दुहेरी होतं. साडू त्याच खोलीत कामाला होता, आणि चिकटवला होता यानेच!

प्रयोग कर्करोगाच्या गाठींवरचा. विषाणूतला खोडसाळपणा काढून टाकायचा, उरलेल्या कवचात गाठीचा काळ ठरणारं जनुक भरायचं आणि ते उंदराच्या शेपटीतल्या शिरेतून आत सोडायचं. ते रक्तातून हिंडत नेमकं गाठीत शिरतं, शेजारच्या पेशींच्या वाटेला जात नाही. हे औषध साडूच्या पिंजऱ्यांना. याच्या पिंजऱ्यांना, तुलनेसाठी, नुसतं मिठाचं पाणी.

साडूच्या उंदरांच्या गाठी आक्रसू लागल्या, तशी साडूची छाती फुगू लागली.

"औषध बरोबर पत्त्यावर जातं, मामा," तो सासऱ्यांना सांगायचा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी भलत्याच हॉलमध्ये जाऊन बसलेला माणूस हा!

"भाऊजींचे उंदीर टुणटुणीत झालेत म्हणे," बायको म्हणाली. "तुमचेच मेले मरगळलेले."

"अगं, माझ्या उंदरांना औषधच नाही!"

"तुमच्या वाट्याला कधी काय आलंय?"

हे मात्र झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून गृहस्थ खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊन येऊ लागला आणि साडूची पाठ वळली की आपल्या पिंजऱ्यांत टाकू लागला. मिठाच्या पाण्यावर औषधाला हरवायचंच! उंदरांनी झकास बाळसं धरलं.

गाठींनीही धरलं.

संशोधक बाईंनी मोजमाप केलं. याच्या गाठी भोपळ्यासारख्या, साडूच्या वाटाण्याएवढ्या. एवढा फरक कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. बाईंनी साडूची पाठ थोपटली, आणि याला ते बघवेना.

"बाई, यातलं निम्मं यश माझ्या बियांचं आहे!"

"कसल्या बिया?"

त्याने सगळं सांगितलं. बाई लालबुंद झाल्या. "तुम्हाला आत्ताच्या आत्ता काढून टाकायला हवं!"

"टाका. पण याची पाठ थोपटू नका."

बाई खुर्चीत बसल्या. "उद्या याच आकड्यांवर विसंबून कुणा आजारी माणसाला हे औषध टोचलं असतं, तर?"

आता त्याची मान खाली गेली. साडूशिवाय जगात आणखी माणसं आहेत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आपणहून कबूल केलं म्हणून नोकरी वाचली. प्रयोग मात्र पहिल्यापासून, नव्या उंदरांवर. उंदरांच्या दाण्याच्या कपाटाची किल्ली बाईंनी काढून घेतली. पिंजऱ्यांवर फक्त खुणेचे आकडे. कुणाला औषध आणि कुणाला मिठाचं पाणी, हे प्रयोग संपेपर्यंत दोघांनाही कळायचं नव्हतं.

काही दिवसांनी साडू याच्या पिंजऱ्यांपुढे बराच वेळ रेंगाळला.

"साडूभाऊ," तो तोंड कडू करून म्हणाला, "तुमचे जरा जास्तच उड्या मारतायत हो."

गृहस्थ त्या दिवशी शीळ घालत घरी गेला. बायकोला ते वाक्य त्याने तीनदा ऐकवलं.